फोनवरची इंग्रजीची उजळणी

मंडळी, मराठी वाचायला आले. आता गोळ्यांच्या पाकिटावरचे इंग्रजीही कळायला नको का?

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. २००० साली महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणून घरातले लेकरू वाचते अन् आपण त्याच्या तोंडाकडे बघतो.

आम्ही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकलो. वाक्ये लिहायची, वही गुरुजींना द्यायची. चूक कळायला दोन दिवस लागत. फोनवर तसे नाही. फोन विचारतो, ‘बिफोर’ म्हणजे काय? खाली तीन उत्तरे असतात. एकावर बोट ठेवा, चूक की बरोबर ते लगेच कळते. २०१९ साली गूगलने ‘बोलो’ नावाचे ॲप भारतात काढले. मोठ्याने वाचताना कोणी अडखळले, की ते शब्द म्हणून दाखवी. (फुकटच्या सरावाला बँकेचा नंबर लागत नाही. कोणी मागितला तर फोन बंद करा.)

लोहा तालुक्यातल्या एका मावशींना नातवाच्या फोनवर दहापैकी नऊ गुण पडले. मी म्हणालो, “मावशी, आता हे गोळ्यांचे पाकीट वाचा बरं.”

मावशी गप्प. मग म्हणाल्या, “गुरुजी, इथं तीन उत्तरं कुठं हायती?”

खरेच होते. पुढे उत्तर दिसले की ओळखता येते, आठवणे निराळे. तेव्हापासून मावशी खालची उत्तरे हाताने झाकतात. आधी अर्थ मोठ्याने सांगतात, मग हात काढतात. चुकलेला शब्द वहीत पाच वेळा लिहितात.

महिन्याभराने त्यांनीच पाकीट वाचले. ‘आफ्टर फूड.’ म्हणजे जेवणानंतर. ती गोळी त्या इतके दिवस उपाशीपोटी घेत होत्या.