इंग्रजींतील पूर्ण वर्तमानकाळ

विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनांत पूर्ण वर्तमानकाळाचा अस्थानीं उपयोग आम्हांस वारंवार आढळतो. ह्या चुकीचें मूळ बहुधा मातृभाषेच्या संवयींत असतें. मराठींत ‘मी काल आलों आहें’ हें वाक्य निर्दोष आहे. परंतु त्याचें शब्दशः रूपांतर करून ‘आय हॅव कम यस्टर्डे’ असें लिहिलें कीं तें अशुद्ध होतें.

ह्याचें कारण असें कीं, ‘हॅव’ हें वर्तमानकाळाचें रूप आहे. क्रिया पूर्वीं घडलेली असली, तरी तिचा आजच्या स्थितीशीं संबंध दाखविणें हें त्याचें काम. ‘काल’, ‘गेल्या वर्षीं’ असा संपून गेलेला काळ वाक्यांत आला, म्हणजे साधा भूतकाळच योजावा. अर्जांत ‘आय पास्ड द एक्झॅमिनेशन लास्ट इयर’ असें लिहावें. वर्षाचा उल्लेख नसेल, तर ‘आय हॅव पास्ड द एक्झॅमिनेशन’ हें योग्य होय.

दुसरा भेद अर्थाचा आहे. ‘आय हॅव लॉस्ट माय बुक’ म्हणजे पुस्तक हरवलें आहे व अद्याप सांपडलेलें नाहीं. ‘माय फादर हॅज गॉन टु पुणे’ म्हणजे वडील पुण्यास गेले असून अजून परतले नाहींत. ‘हॅज बीन टु पुणे’ म्हणजे ते जाऊन आले आहेत. वडील परगांवीं असल्यामुळें फी भरण्यास मुदत मागणाऱ्या मुलानें ‘गॉन’च्या जागीं ‘बीन’ लिहिलें, तर वडील घरीं आहेत असाच अर्थ निघेल, आणि खरें बोलणारा मुलगा खोटा ठरेल!

तिसरी गोष्ट कालावधीची. ‘मी पांच वर्षांपासून येथें राहतों’ ह्यास ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणूं नये. ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणावें. किती काळ हें सांगतांना ‘फॉर’, व केव्हांपासून हें सांगतांना ‘सिन्स’ येतें. जसें, ‘सिन्स जून’.

वाक्य लिहून झालें कीं ‘हें केव्हां घडलें?’ असा प्रश्न स्वतःस विचारावा. संपलेला काळ हें त्याचें उत्तर वाक्यांतच असेल, तर ‘हॅव’ काढून साधा भूतकाळ लिहावा. पालकांस इंग्रजी येत नसलें, तरी हा प्रश्न त्यांनीं मुलांस मराठींतून अवश्य विचारावा. रोजच्या अशा अभ्यासानें ही चूक सहज दूर होईल, असा आम्हांस भरंवसा आहे.