जखम भरते कशी आणि चिघळते का?



मलिद्यासाठी नारळ खवताना बोट कापल्याचे आपल्यापैकी कितीतरी जणींना आठवत असेल. बोट लाल होते, सुजते, ठणकते आणि थोड्या दिवसांत बरेही होते. ही सूज म्हणजे रोग नव्हे. ती शरीराने बोलावलेली मदत होय. ही मदत कोण बोलावते, आणि ती वेळेवर परत गेली नाही तर काय होते, हे या पाठात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कातडी कापताच तेथील पेशी काही प्रथिने सोडतात. शास्त्रज्ञ त्यांना सायटोकाईन म्हणतात. आपण त्यांना शरीराचे हरकारे म्हणू. इंटरल्यूकिन-१ आणि टी.एन.एफ. हे त्यांतील दोन प्रमुख. त्यांचा निरोप मिळताच रक्तवाहिन्या रुंदावतात व पांढऱ्या पेशी धावून येतात. पहिली तुकडी जंतूंना खाते. दोन-तीन दिवसांनी दुसरी येते, मेलेल्या पेशी साफ करते आणि मग नवे हरकारे पाठवते: लढाई पुरे, आता बांधकाम सुरू करा. तेव्हा नवे मांस धरते व कातडी जुळते.

असे हरकारे असतात हे कळण्यास लंडनचा मोठा हातभार लागला. 1957 साली मिल हिल येथील संशोधन संस्थेत ग्लासगोच्या ज्यू घराण्यातील डॉ. ॲलिक आयझॅक्स व स्विस शास्त्रज्ञ जाँ लिंडनमन यांनी इंटरफेरॉन शोधून काढले. विषाणूने ग्रासलेली पेशी ते सोडून शेजारच्या पेशींना सावध करते.

परंतु जखम नसतानाच हरकारे धावू लागले तर? सोरायसिसमध्ये असेच घडते. टी.एन.एफ., इंटरल्यूकिन-१७ व २३ सतत निरोप देत राहतात. एरवी कातडी नवी होण्यास सुमारे महिना लागतो. येथे ते काम थोड्या दिवसांतच उरकते, आणि लाल चट्ट्यांवर पांढरे पापुद्रे साचतात. पूर्वी लोक याला महारोग समजत. हा रोग स्पर्शाने मुळीच लागत नाही. सबब अशा माणसाच्या शेजारी बसण्यास वा त्याच्या हातचे खाण्यास कोणी कचरू नये, आणि त्यानेही हात लपवू नयेत.

1992 साली लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी सांधेदुखीच्या रोग्यांना टी.एन.एफ. अडवणारे औषध प्रथम दिले. त्याच जातीची औषधे पुढे तीव्र सोरायसिसलाही लागू पडली. मात्र टी.एन.एफ. हा क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवणारा पहारेकरीही आहे. त्याला अडवले तर अंगात निद्रिस्त असलेला क्षय जागा होऊ शकतो. म्हणून हे औषध घेण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. आपले बालपण मुंबईत वा कोकणात गेले असेल, घरात कोणास क्षय झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. यात लाज कसली?

मधुमेह्यांच्या पायाची गोष्ट याहून निकडीची आहे. तेथे लढाई थांबतच नाही. पांढऱ्या पेशी ठाण मांडून बसतात आणि त्यांचे पाचक रस नवे मांसही खातात. त्यात पाय बधिर, त्यामुळे दुखतही नाही. हळद लावून आठवडाभर वाट पाहणे येथे महागात पडते. पाय गमावण्याची वेळ येते. पायाला फोड किंवा जखम दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, आणि एन.एच.एस.ची पायांची वार्षिक तपासणी चुकवू नये.

आज रात्री निजण्यापूर्वी घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांचे तळपाय दिव्याखाली एकदा पाहा, एवढीच आमची विनंती.

शालोम.