वेगावर ताबा

वेगवान मोटार दिसली, की ती एकदा चालवून पाहावी असे पुष्कळांना वाटते. गाडीचा वेग वाढवणे सोपे असते. तिच्यावर ताबा ठेवणे मात्र कठीण असते. असे का होते, ते एका प्रसिद्ध मोटारीच्या उदाहरणावरून पाहू.

जर्मनीतील पोर्शे कंपनीने १९७५ साली ‘९११ टर्बो’ ही स्पोर्ट्‌स कार विक्रीस आणली. तिचे इंजिन २६० अश्वशक्तीचे होते. ती ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने धावू शकत असे. पण चालवणाऱ्याच्या पत्नीला विधवा करणारी गाडी, अशा अर्थाचे भयंकर टोपणनाव तिला पडले. याची मुख्य कारणे दोन होती.

पहिले कारण म्हणजे, तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे होते. वळणावर चालकाने घाबरून वेगाच्या पेडलवरचा पाय एकदम काढला, की गाडीचा भार पुढे सरके. मागच्या चाकांची पकड कमी होई. मग जड मागचा भाग बाहेर फेकला जाई आणि गाडी गरकन फिरे.

दुसरे कारण म्हणजे टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने टर्बोचा छोटा पंखा फिरतो व इंजिनात जादा हवा भरतो. त्यामुळे जादा पेट्रोल जळते आणि शक्ती वाढते. पण त्या पंख्याला वेग घ्यायला थोडा वेळ लागे. पेडल दाबले तरी आधी फारसे काही होत नसे. मग एकाएकी सगळी शक्ती येई. हे नेमके वळणावर घडले, तर चालकाच्या काळजाचा ठोका चुके. तो पाय काढून घेई आणि पहिल्या संकटात सापडे!

पुढे गाड्या सुधारल्या. १९९५ सालच्या नव्या ‘९११ टर्बो’मध्ये इंजिनाची शक्ती चारही चाकांना मिळू लागली. पण निसर्गाचे नियम बदलले नाहीत. वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एवढे अंतर संपू शकते.

म्हणून अशी गाडी चालवण्याचे शिक्षण बंदिस्त मार्गावर, जाणकार शिक्षकाजवळ घ्यावे लागते. तेथील एक महत्त्वाचा धडा असा : वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात शिरल्यावर नव्हे. सायकल चालवतानाही हा धडा उपयोगी पडतो.

शब्दार्थ
अश्वशक्ती – इंजिनाची शक्ती मोजण्याचे एकक
टोपणनाव – लोकांनी ठेवलेले दुसरे नाव
काळजाचा ठोका चुकणे – खूप घाबरणे

स्वाध्याय
१. वळणावर पेडलवरचा पाय एकदम काढल्यास काय होई?
२. टर्बोमुळे इंजिनाची शक्ती कशी वाढते?
३. ‘काळजाचा ठोका चुकणे’ हा वाक्प्रचार आपल्या वाक्यात वापरा.