शेतावरील इंटरनेट-कॅमेरा : बसविण्याचा क्रम व खबरदारी

पुणें शहरांत राहून हवेली, मुळशी वा पुरंदर तालुक्यांतील जमीन पाहणाऱ्या बंधूंस विहिरीवरील मोटार, तांब्याची केबल व चाळींतील कांदा यांची काळजी नित्याचीच असते. यास्तव इंटरनेटनें जोडलेला कॅमेरा बसविण्याचा प्रघात पडला आहे. परंतु हा पहारेकरी धन्यास दुरून जें दाखवितो, तेंच कुलूप न घातल्यास चोरासही दाखवील. म्हणून त्याचा क्रम येथें देतों.

प्रथम जागा. कॅमेरा हात पोंचणार नाहीं इतका उंच, तथापि चेहरा ओळखूं येईल असा बसवावा. उगवत्या-मावळत्या सूर्याकडे त्याचें तोंड नसावें. शेजाऱ्याचें अंगणही चित्रांत घेऊं नये. वीज व चित्र एकाच लॅन केबलींतून नेणारा कॅमेरा सोयीचा. मात्र ती केबल १०० मीटरांहून लांब नसावी.

दुसरें, पत्ता. राउटर प्रत्येक उपकरणास १९२.१६८.१.६४ असा आकडी पत्ता देतो. गट नंबर ६४ जसा अनेक गांवीं असतो, तसाच हा पत्ता अनेक घरीं असतो. तो त्या घरापुरताच खरा. राउटर तो बदलूं शकतो, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्यें तो कॅमेऱ्याच्या नांवें कायम राखून ठेवावा.

तिसरें, पासवर्ड; हेंच सर्वांत महत्त्वाचें. कारखान्यांतून आलेला पासवर्ड जगजाहीर असतो. असे पासवर्ड न बदललेले लक्षावधि कॅमेरे व राउटर २०१६ सालीं 'मिराई' नामक प्रोग्रॅमनें ताब्यांत घेतले. त्यांच्याकरवीं २१ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील डिन कंपनीवर मारा झाला आणि ट्विटरसारखीं संकेतस्थळें अनेकांस कांहीं तास उघडेनात. कॅमेऱ्यांच्या मालकांस याची वार्ताही नव्हती! यास्तव बारा अक्षरांहून मोठा नवा पासवर्ड ठेवावा. त्यांत गांवाचें नांव वा मोबाइल नंबर नसावा. उत्पादकाचें नवें सॉफ्टवेअर वेळोवेळीं भरावें. राउटरमधील यूपीएनपी व पोर्ट फॉरवर्डिंग बंद करावें, अन्यथा वेशीचा दरवाजा उघडाच राहतो. दुरून पाहणें तें उत्पादकाच्या ॲपमधून, ओटीपीची जोड देऊन पाहावें.

चौथें, घड्याळ. तें भारतीय प्रमाणवेळेस लावून इंटरनेटवरून आपोआप जुळेल असें करावें. दस्तावरील तारीख चुकली कीं दस्ताची किंमत काय राहते, हें जमिनीच्या कज्ज्यांतून गेलेल्यांस सांगणें नलगे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वयें असें चित्रण पुराव्यांत दाखल करतांना प्रमाणपत्रही जोडावें लागतें.

पांचवें, साठा. सेकंदास २ मेगाबिट या वेगानें एक कॅमेरा दिवसास सुमारें २१.६ जीबी जागा घेतो. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर सुमारें ४६ दिवस राहतात. रेकॉर्डर कुलुपाच्या खोलींत, नजरेआड ठेवावा. चोर तोही उचलून नेतो. वीज जाते त्या वेळेसाठीं यूपीएस जोडावा.

शेवटीं, रात्रीं कोणास तरी मोटारीपाशीं उभें करून चेहरा ओळखूं येतो कीं नाहीं, हें पुण्याहून पाहावें, व ही तपासणी दरमहा करावी.