क्षने गुणले आणि उत्तर फसले

प्रश्न : ६/क्ष > २ ही असमानता सोडवताना दोन्ही बाजूंना क्षने गुणले. उत्तर क्ष < ३ आले; पण क्ष = -१ घेतल्यास ताळा जुळत नाही. कुठे चुकले?
– अकरावीची विद्यार्थिनी

उत्तर : समीकरणाची सवय इथे नडली. ऋण संख्येने गुणले की असमानतेचे चिन्ह उलटते : २ < ५, पण -२ > -५. क्ष धन की ऋण हे ठाऊक नसेल, तर सरसकट गुणू नका. दोन्ही शक्यता वेगवेगळ्या तपासा.

क्ष धन : ६ > २क्ष, म्हणजे ० < क्ष < ३.

क्ष ऋण : ६ < २क्ष, म्हणजे क्ष > ३. ऋण संख्या ३ पेक्षा मोठी असूच शकत नाही. ही शक्यता बाद.

क्ष शून्य असला तर भागाकारच होत नाही. म्हणून उत्तर ० < क्ष < ३. परीक्षेत शेवटी मधली एक आणि बाहेरची एक किंमत घालून ताळा जरूर पाहा.