भजन-कीर्तनाच्या रेकॉर्डिंगवर कॉपीराइटची तक्रार

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांचे मनाचे श्लोक आणि करुणाष्टके यांवर आज कोणाचाही कॉपीराइट नाही. कोणीही ती गावीत, छापावीत, इंटरनेटवर ठेवावीत. गल्लत होते ती पुढे. जुन्या रचनेचे नवे रेकॉर्डिंग झाले की त्याचा हक्क स्वतंत्रपणे उभा राहतो. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे तो टिकतो. चाल बांधणाऱ्याचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. मांडवात मोबाइलवर टिपलेल्या कीर्तनावर कीर्तनकाराचाही कलावंत म्हणून ५० वर्षे हक्क राहतो. गावाने बिदागी दिली म्हणजे रेकॉर्डिंगची परवानगी मिळाली, असे होत नाही; ती लेखीच घ्यावी.

लोकांनी पाठवलेली रेकॉर्डिंग साठवणाऱ्या अ‍ॅपकडे किंवा संकेतस्थळाकडे तक्रार आली, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ आणि २०१३ च्या नियमावलीतला नियम ७५ पाहावा. तक्रार लेखी हवी. कोणती कृती, मालकीचा आधार काय, फाईल नेमकी कुठे आहे, हे तिच्यात असले पाहिजे. शिवाय २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमीही हवी. तपशिलावरून तक्रार खरी वाटली, तर ३६ तासांत ती फाईल लोकांसाठी बंद करायची आणि बंद का केली याची सूचना त्या जागी लावायची. ही सूचना लावायचे राहून जाते, आणि ऐकणारे उगाच तर्क लढवत बसतात.

फोनवरच्या दमदाटीला घाबरून फाईल कायमची पुसून टाकणे ही सर्वांत घातक घाई. पुरावाच त्यात जातो. मूळ फाईल, ती टाकणाऱ्याचे नाव, तारीख आणि तक्रार मिळाल्याची वेळ जपून ठेवावी, आणि टाकणाऱ्याला त्याच दिवशी कळवावे. तक्रार अपुरी असेल तर गप्प न बसता नेमकी लिंक लेखी मागावी. मायस्पेस हे संकेतस्थळ आणि सुपर कॅसेट्स ही संगीत कंपनी यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये हेच धरले: आपल्या मालकीच्या गाण्यांची नुसती मोघम यादी पाठवणे पुरेसे नाही, उल्लंघन कुठे आहे ते दाखवावे लागते.

२१ दिवसांत आदेश आला नाही, तर फाईल पुन्हा खुली करता येते. त्याच जागेवरच्या त्याच कृतीबद्दल त्याच तक्रारदाराच्या पुढच्या नोटिशीला उत्तर देण्याचे बंधन उरत नाही. तक्रारदार जालन्यात राहत असेल, तर कलम ६२ प्रमाणे त्याला तिथल्याच जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. त्यासाठी मुंबई गाठायला नको. हक्क नसताना कोणी खटल्याच्या नुसत्या धमक्या देत राहिला, तर कलम ६० खाली धमकावलेल्या माणसालाच न्यायालयाकडून मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागता येते.