जांभूळ-करवंदाची वाइन आणि पाण्याचा हिशेब

महाराष्ट्रातील वाइन उद्योगाचा पाया देशावर घातला गेला. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे १९८० च्या दशकात या उद्योगास प्रारंभ झाला, नाशिकजवळ सुला व्हिनयार्ड्सची वाइनरी २००० साली सुरू झाली, आणि २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर येथील वाइन पार्क हे त्याच धोरणाचे फलित होय. मुंबईहून लोहमार्गाने अवघ्या शंभर किलोमीटरवर असलेल्या कर्जतमध्ये आणि शेजारच्या खालापूर तालुक्यात, पर्यटकांचा वाढता ओघ पाहता, असाच उद्योग का उभा राहू नये, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचा विचार निसर्गाची हानी न होता उद्योग कसा चालेल, या दृष्टीने येथे करावयाचा आहे.

प्रथम द्राक्षाविषयी. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी व पावसाळा ओसरताना फळछाटणी करतात, आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चच्या सुमारास उतरवितात. म्हणजे वेलीची नवी फूट ऐन पावसाळ्यात वाढते. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडतो. कर्जत-खालापूरला तो तीन हजार मिलिमीटरहून अधिक, आणि तोही जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सतत ओल्या राहणाऱ्या पानांवर केवडा व करपा हे रोग बळावणारच. त्यांच्यासाठी फवारलेले औषध पुढच्या सरीबरोबर ओढ्यात जाणार. शिवाय मळ्यासाठी डोंगरउतार उघडा केल्यास मातीची धूप होते. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. त्या दुर्घटनेचा मळ्यांशी संबंध नव्हता. तथापि येथील उतारांशी किती जपून वागावे लागते याचे स्मरण ती सदैव देत राहील. सारांश, द्राक्ष हे या मुलखाचे पीक नव्हे. हट्टाने लावल्यास त्याला पर्यावरणानुकूल म्हणता येणार नाही.

परंतु वाइन केवळ द्राक्षाचीच होते असे नाही. पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे चिकूपासून वाइन तयार करण्यात आली आहे. कर्जत-खालापूरच्या रानात आणि बांधांवर जांभूळ व करवंद कोणी न लावता, कोणी पाणी न घालता वाढतात. फवारणी नाही, सिंचन नाही, नांगरट नाही. कच्च्या मालाच्या बाजूने याहून निर्दोष उद्योग शोधून सापडणार नाही.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. लिटरमागे सुमारे सतरा ग्रॅम साखर आंबली म्हणजे एक टक्का मद्यार्क तयार होतो. वाइनच्या द्राक्षात साखर भरपूर असते. जांभळात ती बरीच कमी आणि करवंदात आंबटपणा अधिक. त्यामुळे साखर बाहेरून आणून मिसळावी लागते. खर्चाच्या अंदाजात हा आकडा विसरला जातो.

खरी अडचण पाण्याची आहे, आणि ती दुहेरी आहे.

वाइनरीत फळापेक्षा टाक्या, यंत्रे, नळ्या व फरशी धुण्यास अधिक पाणी लागते. एक लिटर वाइनमागे पाच लिटर पाणी धरले, तर दहा हजार लिटर वाइनला पन्नास हजार लिटर पाणी हवे. करवंद एप्रिल-मे महिन्यांत पिकते. भिवपुरी व खोपोली येथील वीजगृहांतून सुटणाऱ्या पाण्यामुळे उल्हास व पाताळगंगा या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात आणि राजनाला कालव्याखाली उन्हाळी भात पिकतो. पण डोंगरावरील ठाकूर-कातकरी वाड्यांच्या विहिरी त्याच दिवसांत तळ गाठतात. पन्नास हजार लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. शेजारच्या वाडीतील स्त्रिया हंडा घेऊन मैलभर चालत असताना वाइनरीने कूपनलिकेतून तेवढे पाणी उपसणे कोणत्याही ग्रामसभेस मान्य होऊ नये.

जांभूळ जूनच्या सुमारास, पावसाच्या तोंडावर येते. तेव्हा पाणी विपुल असते, मात्र सांडपाणी जिरविण्यास जागा नसते. वाइनरीचे सांडपाणी दिसावयास निरुपद्रवी असते.  तरीही त्यातील साखर व मद्यार्क कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात. बारा टक्के मद्यार्काची एक लिटर वाइन पूर्णपणे कुजण्यास सुमारे दोनशे ग्रॅम प्राणवायू लागतो. स्वच्छ ओढ्याच्या एका लिटर पाण्यात तो आठ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे हिशेबाने एक लिटर वाइन पंचवीस हजार लिटर पाण्यातील प्राणवायू संपवू शकते. डोहातील मासे का मरतात, हे शाळेत समजावून सांगण्यास शिक्षकांना हे उदाहरण उपयोगी पडेल. नदी-ओढ्यात सोडावयाच्या सांडपाण्याची जैव प्राणवायू मागणी लिटरमागे ३० मिलिग्रॅमहून आणि शेतीला द्यावयाच्या सांडपाण्याची १०० मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असे मानक आहे. प्रक्रिया केलेले पाणी शेतीला देणे उत्तम. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये येथील जमीन तुडुंब भरलेली असते, ती थेंबही घेत नाही. उघडी शोषटाकीही अशा वेळी भरून वाहू लागते.

या दोन्ही अडचणींवर आमच्या मते एकच उपाय आहे. हंगामात फळ फक्त धुऊन, गर काढून तो शीतगृहात गोठवून ठेवावा आणि आंबविण्याचे काम ऑक्टोबरनंतर हाती घ्यावे. त्या वेळी साठविलेले पावसाचे पाणी हाताशी असते, हवा थंडावत जाते आणि जमीनही पाणी घेऊ लागते. शीतगृहाला वीज लागेल हे खरे; तिचा काही भाग छपरावरील सौर पट्ट्यांतून मिळविता येईल. दोनशे चौरस मीटरच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पावसाचे सहा लाख लिटर पाणी पडते. निम्मेच हाती लागले असे धरले तरी, वर सांगितलेली गरज अनेक वेळा भागते. खर्च येतो तो टाकी बांधण्याचा, आणि प्रस्तावांतून नेमकी तीच वगळली जाते.

चोथा वाया घालवू नये. शेण व भाताच्या पेंढ्यासह त्याचे चांगले खत होते, मात्र खड्ड्यावर छप्पर हवे. अन्यथा पावसात त्याचा रस वाहून जातो. जांभळाच्या बियांच्या चूर्णाला आयुर्वेदिक औषधांसाठी मागणी आहे.

आता फळ गोळा करणाऱ्यांविषयी. वन हक्क अधिनियम, २००६ अन्वये वनवासी आदिवासींना गौण वनोपजावर मालकीचा हक्क आहे, आणि वनहक्क निश्चितीच्या प्रक्रियेचा आरंभ ग्रामसभेपासून होतो. करवंद व जांभूळ रानातून येणार असतील तर त्यांचा भाव कारखानदाराने एकतर्फी ठरविणे योग्य नव्हे. अनेक कातकरी कुटुंबे उन्हाळा संपेपर्यंत वीटभट्टीवर असतात. करवंदाच्या हंगामात वाडीवर राहणे त्यांना परवडेल असा भाव मिळाला, तरच या उद्योगाचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचेल. वजन वाडीवर व्हावे, पैसे त्याच दिवशी मिळावेत. फांदी तोडून फळे काढण्यास मनाई असावी आणि पाखरांसाठी व नव्या रोपांसाठी काही झाडे राखावीत.

ग्रामसभेत स्त्रिया पहिला प्रश्न दारूचा विचारतील, आणि तो रास्त आहे. उत्पादन-परवाना महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. पण परवाना मिळाला म्हणून गावचा आक्षेप मिटला असे होत नाही. गर काढणे व गोठविणे येथपर्यंतची सर्व सामग्री सरबत व जॅम यांनाही चालते. गावाची वाइनला तयारी नसेल, तर महिला बचत गटांनी तेवढ्यावर थांबण्यास काहीच हरकत नाही.

असा अर्ज पुढे आल्यास पंचायत सदस्यांनी प्रथम जागेचा नकाशा मागावा, कारण या दोन्ही तालुक्यांतील काही गावे २००३ साली घोषित झालेल्या माथेरानच्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्रात येतात. त्यानंतर जल प्रदूषण अधिनियम, १९७४ खालील महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र पाहावे. आणि सरतेशेवटी मे महिन्यातील पाणी कोठून आणणार व जुलैमधील सांडपाणी कोठे ठेवणार, ही दोन उत्तरे अर्जदाराकडून टाक्यांच्या मापांसह लेखी घ्यावीत.